चारी बाजूंनी सारखंच मागे

माझ्या वडिलांचा हात चांगला होता, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. नाहीतर पुढे वाचताना कुणाला तरी माझी बाजू घ्यावीशी वाटेल, आणि ती घेण्यासारखी नाही.

चंद्रपुरात परकोटाच्या आत आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे आत दोन माणसं बसली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहूनच बोलायचं, एवढंच. आमच्या घरात बाबांच्या आधी असलं काम कुणी केलेलं नव्हतं. आजोबा शेतमजूर. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि पुढे पोरगा मोठा झाल्यावर त्याला म्हणाले, काहीही कर, पण मान खाली घालून दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं काम करू नको. बाबा त्यावर म्हणायचे, म्हणून मी असं काम धरलं की मान खालीच असते, पण लोक माझ्या दारात उभे असतात. हे ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. गिऱ्हाईक हसायचं. मी हजार वेळा ऐकलं होतं आणि मला त्याचा वैताग यायचा.

चावीची घड्याळं आता कोण घालतं, असं लोक मला विचारतात. घालतात. आईबापाची आठवण म्हणून घालतात, निवृत्तीत मिळालेलं म्हणून घालतात, आणि हल्ली नागपूरकडची काही हौशी मंडळी जुनी घड्याळं हुडकून आणतात. शिवाय इकडच्या हवेत कोळशाची बारीक धूळ असते. ती झाकणाच्या फटीतून आत शिरते आणि तेलाचं काळं काजळ करून टाकते. चंद्रपुरातलं घड्याळ उघडलं की ते चंद्रपुरातलं आहे हे सांगावं लागत नाही. त्यामुळे आम्हाला काम असतं.

आमच्या धंद्यात बंद घड्याळ चालू करणं सोपं. ते वेळेवर चालवणं, यात खरी कसोटी. मागचं झाकण उघडलं की डोलणाऱ्या चाकाच्या वर सुईएवढी एक दांडी दिसते. तिच्या एका अंगाला अधिकची खूण असते, दुसऱ्या अंगाला वजाची. दांडी केसभर अधिककडे सरकवली की घड्याळ पळतं, वजाकडे सरकवली की रेंगाळतं. ती कधी सरकवायची याची बाबांची एक रीत होती. साफ करून जुळवलेलं घड्याळ ते सकाळी रेडिओवर बातम्यांच्या आधी जे टूक टूक वाजतं त्यावर लावायचे आणि चार दिवस कामाच्या ताटात ठेवायचे. पहिल्या दिवशी तोंड वर, दुसऱ्या दिवशी तोंड खाली, तिसऱ्या दिवशी चावी वर करून उभं, चौथ्या दिवशी चावी खाली. रोज सकाळी किती सेकंद मागे किंवा पुढे ते एका चिठ्ठीवर लिहायचे. चार आकडे झाल्याशिवाय दांडीला हात लावायचे नाहीत, मग गिऱ्हाईक समोर डोकं आपटून घेवो. माणूस घड्याळ घालून झोपतो, उठतो, हात हलवतो, खिशात घालतो, तेव्हा घड्याळ सगळ्या बाजूंनी कसं चालतं ते बघायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं.

लग्न मोडून मी परत आले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. आई आधीच गेलेली होती. घरात बसून काय करणार म्हणून बाबांनी मला दुकानात बसवलं. माया म्हणून बसवलं असं मला बरेच दिवस वाटत होतं. शिकवायला लागल्यावर ते वाटणं गेलं. ते माझ्या कोपराजवळ काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी ठेवायचे आणि सांगायचे, काम कर. पाण्यावर तरंग उठला की हातातलं काम काढून घ्यायचे आणि मला घरी पाठवायचे, भर दुपारी, चंद्रपूरच्या उन्हात. बालकमानी म्हणजे केसाएवढ्या बारीक तारेची गुंडाळी असते. ती माझ्या हातून वाकली की चिमट्याने बोटांवर मारायचे. समोर गिऱ्हाईक असलं तर मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, हिच्या हातानं घडी नाई, कुकर दुरुस्त होईन. गिऱ्हाईक हसायचं. माझी बोटं शिकली, पण ते हसणं माझ्या कानातून पुढे कधी गेलंच नाही.

सहा वर्षांत मी त्यांच्याइतकं काम करायला लागले. आणखी दहा वर्षांनी त्यांच्याहून चांगलं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. माझ्या फोनमध्ये एक अॅप आहे, घड्याळ माइकजवळ धरलं की टिकटिक ऐकून दिवसाला किती सेकंदांचा फरक पडतो ते सांगतं. माझी घड्याळं दिवसाला चार-पाच सेकंदांच्या आत असायची. बाबांची दहाच्या आत. बाबा त्या फोनकडे बघून नाक मुरडायचे.

पण लोकांना काय त्याचं. बाबांना सगळे भाऊ म्हणायचे. माणूस दारात यायचा, माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा, "बाई, भाऊ नाईत का?" मी समोर चिमटा धरून बसलेली असायची तरी विचारायचा. भाऊ जेवायला गेले असतील तर अर्धा तास बाहेर उभा राहायचा, पण घड्याळ माझ्या हातात द्यायचा नाही. आणि बाबा काय करायचे? मी केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाला देण्याआधी ते कानाला लावायचे, कपाळाला आठी घालायचे, झाकण उघडायचे, दांडीला चिमटा टेकवायचे, झाकण लावायचे, आणि मग द्यायचे. गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडायचा. बहुतेक वेळा ते नुसता चिमटा टेकवत, दांडी हलवत नसत. एकदा हलवली. माझं चार सेकंदांवर आणलेलं घड्याळ त्यांनी वीसवर नेऊन ठेवलं. मी फोनवर लावून त्यांना दाखवलं. ते म्हणाले, गिऱ्हाइकाला वीस सेकंद समजत नाहीत, भाऊचा हात फिरला की नाही ते समजतं. आणि पुन्हा खाली मान घालून कामाला लागले.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. त्या दिवशी माझ्या मनात जे आलं त्याला दुसरं कोणतंही नाव नाही. मला हा माणूस त्या खुर्चीवरून उठलेला पाहायचा होता.

त्यांच्या हाताला कापरं भरायला सुरुवात झाली ती त्यानंतर वर्षाभरात. थोडंच होतं, सकाळी जास्त, दुपारी कमी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि बाबा दिवाळीनंतर, उन्हाळ्यानंतर असं करत ते पुढे ढकलत होते. काम मात्र बिघडत नव्हतं. हात कापायचा तो चिमटा घड्याळापर्यंत जाईपर्यंत. घड्याळाला टेकला की थांबायचा. हे कसं होतं ते मला आजही कळलेलं नाही. मी म्हटलं, बाबा, आता घरी बसा, डोळा करून घ्या. ते म्हणाले, "माह्या हातची घडी ज्या दिवशी चुकन ना, त्या दिवशी मी सोताच उठन. तुले सांगाची गरज नाई."

त्यांनीच मला रस्ता दाखवला.

बाबा रोज संध्याकाळी सहाला वंदनेसाठी विहारात जायचे. दुकान आवरायचं काम माझं. त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ते वळणावरून दिसेनासे झाले आणि मी त्यांच्या ताटातलं एक घड्याळ उचललं. झाकण उघडलं, दांडी वजाकडे केसभर ढकलली, झाकण लावलं, जसं होतं तसं ठेवून दिलं. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माझा हात अजिबात कापला नाही. पाण्याची वाटी ठेवली असती तर तरंगसुद्धा उठला नसता.

सकाळी त्यांनी रेडिओ लावला, घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं, आणि चिठ्ठीवर आकडा लिहिला. चार दिवस आकडे लिहिले आणि पाचव्या दिवशी दांडी जागेवर आणली. संध्याकाळी मी ती पुन्हा ढकलली. दुसऱ्या आठवड्यात मी दोन घड्याळं केली, मग तीन. सगळी करत नव्हते, नाहीतर शंका आली असती. मला वाटलं मी फार हुशार आहे.

मजा आली का? आली. खोटं कशाला बोलू. सकाळी त्यांच्या कपाळावर आठी पडली की मी माझ्या कामात डोकं घालायचे आणि आतल्या आत मला गार वाटायचं. ते आयग्लास डोळ्याला लावून एकच घड्याळ पाव-पाव तास बघत बसायचे. कधी बालकमानी सोडवून पुन्हा बसवायचे. कधी तेल पुसून नवं घालायचे. घड्याळाला काही झालेलंच नव्हतं तर सापडणार काय. मी मधूनच प्रेमाने म्हणायचे, बाबा, डोळ्याचं बघून घेऊ या ना. चहा आला तर त्यांचा कप मी धरून त्यांच्या ओठांपर्यंत न्यायचे, गिऱ्हाईक बघत असेल तर हटकून. एका दुपारी मी स्वयंपाकघरातली तीच जुनी वाटी काठोकाठ भरून आणली आणि त्यांच्या कोपराजवळ ठेवली. बाबांनी वाटीकडे बघितलं, पाणी हललं. मग त्यांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली, पाणी पिऊन टाकलं आणि रिकामी वाटी माझ्याकडे सरकवली.

घड्याळं परत यायला लागली. लोक भाऊंना टाकून बोलत नव्हते. उलट जास्तच गोड बोलायचे, ते मला बरं वाटायचं. भाऊ, थोडी मागं पडून राह्यली, घाई नाई, पाहून ठेवा. असं आजाऱ्याशी बोलावं तसं. बाबा घड्याळ घेऊन ताटात ठेवायचे आणि चिठ्ठी लिहायचे.

आता मास्तरांचं सांगते. गडचिरोलीकडे धानोऱ्याच्या पुढे जंगलात एक गाव आहे, तिथले आश्रमशाळेतले हे निवृत्त मास्तर. गोंड घरातले, गावातले पहिले शिकलेले. त्यांचं घड्याळ बाबांनी वीस-बावीस वर्षं सांभाळलेलं. दोन बस बदलून ते चंद्रपूरला यायचे, घड्याळ द्यायचे, बाबांसोबत भाकर खायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. बाबांना मित्र म्हणावा असा तेवढा एकच माणूस. त्या गावात टॉवर नाही. मोबाइल आहेत, पण लाइट गेली की चार-चार दिवस येत नाही, आणि बंद पडलेला फोन चालू केला की भलतीच वेळ दाखवतो. गावापासून फाटा लांब. फाट्यावरून सकाळी एकच बस जाते. कुणी कधी निघायचं ते गाव मास्तरांना विचारून ठरवतं. आणि मास्तर आपलं घड्याळ आठवड्यातून एकदा, धानोऱ्याच्या बाजाराला जातात तेव्हा, बसस्टँडवरच्या घड्याळाशी मिळवून घेतात.

फेब्रुवारीत ते घड्याळ साफसफाईला आलं. बाबांनी ते असं केलं की माझ्या फोनने तीन सेकंद दाखवले. मास्तर न्यायला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी दांडी ढकलली. दिवसाला दोन मिनिटं मागे पडेल इतकी. घड्याळ बाबांनी मास्तरांच्या हातात स्वतःच्या हाताने दिलं.

तीन आठवड्यांनी मास्तर परत आले. बाबांनी पुन्हा चार दिवस ठेवलं, बरोबर केलं, आणि मी पुन्हा तेच केलं. मार्च संपताना ते तिसऱ्यांदा आले. बाबांनी ठेवून घेतलं. पाचव्या दिवशी त्यांनी त्याचं झाकण लावलं, ते माझ्या ताटाच्या कडेला ठेवलं, मास्तर उद्या येतील एवढंच म्हणाले आणि विहारात गेले. मला वाटलं, म्हातारा विसरला, स्वतःच्या ताटात ठेवायचं माझ्या ताटात ठेवलं. मी दांडी ढकलली.

या खेपेला मास्तर आठ दिवसांतच आले. मोहाचे दिवस होते. गावातल्या सहा-सात बाया मोहफुलं आणि चारोळीच्या टोपल्या घेऊन त्यांच्यासोबत फाट्यावर गेल्या होत्या, त्यांच्या घड्याळाप्रमाणे वेळेच्या आधी. बस निघून गेलेली. मग सगळ्या जणी टोपल्या डोक्यावर घेऊन धानोऱ्यापर्यंत चालत गेल्या, मास्तर त्यांच्यासोबत. त्यातली एक म्हातारी वाटेत बसली ती उठेना, तिची टोपली मास्तरांनी घेतली. हे सगळं ते हसत सांगत होते. भाऊंना वाईट वाटू नये म्हणून हसत होते. मी बाकावर बसून ऐकत होते आणि मला त्या म्हातारीचं काही वाटलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की मास्तरांनी घड्याळ मनगटावरून काढलंय आणि ते अजून त्यांच्या हातात आहे.

बाबांनी हात पुढे केला. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग घड्याळ माझ्यापुढे ठेवलं.

"भाऊ, राग नका मानू," ते म्हणाले. "या खेपेले बाईलेच पाहू द्या."

बाबांचा हात तसाच पुढे होता. तो त्यांनी हळूच मागे घेतला, डोळ्याचा आयग्लास काढला, पुसला, डबीत ठेवला आणि डबीचं झाकण लावलं. मास्तरांना म्हणाले, बरोबर केलं तुम्ही, तिचा हात चांगला आहे. माझ्या हाताबद्दल चांगलं बोललेलं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मग ते उठले आणि मास्तरांना घेऊन जेवायला घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

मास्तरांचं घड्याळ दुरुस्त करायला मला दांडी परत जागेवर आणण्यापुरता वेळ लागला. तरी चार दिवस ठेवून घेतलं, कठीण काम आहे असं वाटावं म्हणून. पुढच्या महिन्यात त्यांचा निरोप आला की घडी एकदम टाइमवर आहे. ते त्यांनी धानोऱ्यात सांगितलं, बसमध्ये सांगितलं. गडचिरोलीकडून लोक यायला लागले ते बाईला विचारत यायला लागले. माझं पाऊल जमिनीवर ठरत नव्हतं. मी बाबांची खुर्ची काढून टाकली आणि तिथे ड्रॉवरचं कपाट ठेवलं. पावसाळ्यात बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं, शेजारी म्हणाले पोरगी किती करते बापाचं. डोळा छान झाला. त्यांना वर्तमानपत्रातली बारीक जाहिरातसुद्धा दिसायला लागली. मी म्हटलं, आता या वाटलं तर दुकानात. ते अशा स्वरात म्हटलं की आलेला माणूससुद्धा परत गेला असता. ते म्हणाले, नको, हात चुकला की उठायचं असं मीच म्हटलं होतं.

या गोष्टीला दोन वर्षं होत आल्यावर, म्हणजे यंदाच्या उन्हाळ्यात, माझ्याकडे एक घड्याळ आलं जे मला ऐकेना. नागपूरच्या एका हौशी माणसाचं, जुनं, महाग. आडवं ठेवलं की पुढे पळायचं, उभं केलं की मागे पडायचं, चावी खाली केली की आणखी मागे. दांडी कुठेही नेली तरी एक बाजू साधे तर दुसरी जाई. तीन आठवडे झटले. शेवटी रविवारी दुकान बंद असताना ते आणि त्याची चिठ्ठी घरी आणली आणि बाबांपुढे ठेवली. त्यांना विचारायला माझा जीव जात होता, पण घड्याळ त्या माणसाला तसंच परत द्यायला त्याहून जास्त जात होता.

बाबांनी घड्याळ कानाला लावलं, उलटं केलं, पुन्हा लावलं. मग चिठ्ठी वाचली. मी जमिनीवर बसून मेथी निवडत होते.

दांडीचा प्रश्न नाही, म्हणाले. डोलणारं चाक एका अंगाला जड झालंय, कुणीतरी आधी दुरुस्त करताना गडबड केली आहे. ते काढून तोलून घे. घड्याळाच्या आत खरा दोष असला, किंवा करणाऱ्याचा हात चुकला, तर प्रत्येक बाजूला आकडा वेगळा येतो. तोंड वर केलं तर एक, खाली केलं तर दुसरा. हे मला कळायला हवं होतं, असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले,

"चारी बाजूनं आकडा सारखाच मागं पडला का समजाचं, घडी चांगली हाये, अन् कोनी नुसती दांडी ढकलली. माह्या घड्या तशाच मागं पडत."

मी मेथी निवडत राहिले. पानं खाली आणि काड्या ताटात जायला लागल्या, ते मला नंतर दिसलं.

सोळा वर्षं मी ही चार बाजूंची रीत पाळली होती. हजारो चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. आणि ज्या माणसाने ती मला शिकवली त्याच माणसाला त्याच रीतीत फसवायला निघाले होते. कापऱ्या हाताने बिघडलेलं घड्याळ कसं दिसतं हे मला माहीत होतं. मी ढकललेलं घड्याळही तसंच दिसायला हवं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रागात आंधळं होतात म्हणतात तसं माझं झालं असेल, पण हे कारण मला स्वतःलाच पटत नाही.

कधी कळलं, मी विचारलं. पहिल्याच चिठ्ठीला, ते म्हणाले. तेव्हा वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या चिठ्ठीला खात्री झाली.

"मंग बोलले काऊन नाई?"

"थांबशीन म्हटलं." त्यांनी घड्याळ चिठ्ठीवर ठेवलं. "मी रोज विहारात जावो तं वाटे, आज नाई करशीन. चार महिने वाटलं. मास्तरची घडी तं तिसऱ्या खेपेले मी तुह्या ताटात ठेवून गेलो. म्हटलं, मास्तरची तं सोडशीन."

आधी मला रागच आला. चार महिने हा माणूस सगळं समजून गप्प बसला, बोलायचं सोडून माझ्यावर नजर ठेवून राहिला, असं वाटलं. मग धानोऱ्याच्या वाटेत बसलेली ती म्हातारी आठवली, जिला मी कधी पाहिलेलंही नाही. लाज त्याच्यामागून आली आणि ती अजून गेलेली नाही. मी म्हटलं, मी मास्तरांना सांगते, पुढच्या खेपेला आले की सगळं सांगते, त्यांच्या पाया पडते.

"काई नको सांगू," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही की उतरला नाही. "सांगतलं तं मास्तर घडी कोनापाशी नेईन? दुकान तुलेच चालवाचं हाये. भाऊचा हात गेला, हेच राहू दे."

एवढं बोलून ते जेवायला काय आहे ते विचारायला लागले. मी सांगितलं, मेथी.

त्या नागपूरच्या घड्याळाचं चाक मी काढून तोललं. ते आता चारी बाजूंनी पाच सेकंदांच्या आत आहे. बाबांची खुर्ची मी परत आणून ठेवली, ते आले नाहीत. मी दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा बोलवायचं तोंड मला राहिलं नाही.

मागच्या महिन्यात मास्तर आले. भाऊंसाठी चारोळीची पुडी आणली होती. घड्याळ माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, भाऊचा हात आता कसा आहे, काही फरक पडला का. मी घड्याळ कानाला लावलेलं होतं. ते नीट चालत होतं.

"हात तं गेलाच त्यांचा, मास्तर," मी म्हटलं.

मास्तर बराच वेळ चुकचुकले. मग म्हणाले, भाऊच्या नशिबानं पोरगी तरी चांगली निघाली.